टीव्हीचा आवाज येतो, चित्र नाही: दुरुस्त करू की 'स्वस्त झालाय' म्हणून नवा घेऊ?

अर्धा_कप_चहा | बुधवार, २४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१२

मंडळी, परवा घटस्थापनेच्या संध्याकाळी आरती झाल्यावर टीव्ही लावला. बातम्यांचा आवाज आला, पडदा मात्र काळाठिक्कर. रिमोट आपटून झाला, सेट टॉप बॉक्सची वायर काढून लावून झाली, शेवटी प्लग काढून पाच मिनिटं थांबलो. काही नाही. निवेदिका बोलतेय, दिसत नाही.

टीव्ही ४३ इंची आहे, २०१९च्या दिवाळीत घेतलेला. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत). त्यांनी टीव्ही न बघताच निदान केलं : "पॅनल गेलं असणार सर. सतरा-अठरा हजार धरून चाला. त्यापेक्षा नवाच घ्या, आता जीएसटी कमी झालाय." नुसतं बघायला येण्याचे ४७२ रुपये. म्हणजे ४०० आणि वर १८ टक्के.

घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते सहा वर्षं झाली, बदला आता, ५५ इंची घेऊ. बाबा म्हणतात, "माझा पहिला टीव्ही सतरा वर्षं चालला." मी मधल्यामध्ये. जाणकारांनी सांगावं. दहा टक्के स्वस्त झालाय तर हीच वेळ आहे का?

हिशेबी_कोल्हापूरकर | २४ सप्टेंबर, ९:४०

पहिल्यांदा ते 'दहा टक्के' डोक्यातून काढा. कर २८चा १८ झाला म्हणजे दहा टक्के कमी झाला, बरोबर. पण तो कर मूळ किमतीवर लागतो, तुम्ही दुकानात देता त्या रकमेवर नाही. मूळ किंमत ३०,००० धरा. आधी त्यावर ८,४०० कर, एकूण ३८,४००. आता ५,४०० कर, एकूण ३५,४००. वाचले तीन हजार. ३८,४००च्या मानाने पावणेआठ टक्क्यांच्या थोडंसं वर. तेही दुकानदाराने मूळ किमतीला हात लावला नाही तरच.

दुसरं, ही कपात सगळ्याच वस्तूंना नाही. २२ तारखेपासून २८चे १८ झाले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही १ जानेवारी २०१९पासून १८ टक्क्यांतच आहेत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन तर जुलै २०१८पासून. मोबाइल १८ होता, १८च आहे. कालच आमच्या इथे एका दुकानावर 'जीएसटी कपातीमुळे फ्रिज स्वस्त' असा फलक बघितला. आत जाऊन विचारलं, कुठली कपात? पोरगा म्हणाला, "काका, ते बॅनर वरून आलंय."

खिडकीतली_सीट | २४ सप्टेंबर, १०:०५

वरून आलंय 😀

अर्धा कप, नवाच घ्या हो. सेल कालच सुरू झालेत ऑनलाइन. सहा वर्षं टीव्हीला पुष्कळ झाली. आता टीव्ही म्हणजे मोबाइलसारखाच, आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालं की निम्मी अ‍ॅपं चालत नाहीत.

सडेतोड_सदा | २४ सप्टेंबर, १०:३१

गंमत आहे. १ जुलै २०१७ला २८ टक्के लावले कुणी? आठ वर्षं घेतले आणि आता तीन हजार परत दिले तर ढोल-ताशे. आमच्याच खिशातले आम्हालाच दिवाळीची ओवाळणी.

खिडकीतली_सीट | २४ सप्टेंबर, १०:३८

आला का सदाभाऊंचा प्रतिसाद! जीएसटीच्या आधी अबकारी, व्हॅट, जकात मिळून काय लागायचं तेही सांगा की मग.

सडेतोड_सदा | २४ सप्टेंबर, १०:४४

सांगतो ना. आधी मला सांगा, राज्यांच्या महसुलाला खड्डा पडणार तो कोण भरणार...

संपादक | २४ सप्टेंबर, ११:१५

दोघांचे पुढचे सात प्रतिसाद 'जीएसटी : राजकीय चर्चा' या धाग्यावर हलवले आहेत. इथे टीव्हीवर बोलूया.

सोल्डर_मामा | २४ सप्टेंबर, दुपारी २:२०

आत्ता जेवायला बसलो तेव्हा धागा बघितला. अर्धा कप, एक काम करा. संध्याकाळी अंधार पडला की खोलीतले सगळे दिवे घालवा. टीव्ही लावा, आवाज येऊ दे. मग मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि डोळे बारीक करून बघा. माणसं हलताना पुसट दिसली, एखादं अक्षर दिसलं, तर तुमचं पॅनल जिवंत आहे. पॅनल स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड त्यातून येतो. पट्टी मेली की चित्र तयार होतं, पण अंधारात. घरात माणूस आहे, दिवा नाही, असं समजा.

त्या पट्ट्यांवरचे एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, गणपतीच्या माळेसारखे. एक उडाला की अख्खी माळ बंद, आणि बोर्ड सगळा पुरवठाच तोडतो. आवाज चालू राहतो. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या टीव्हींत हीच तक्रार सगळ्यांत जास्त. फोनवर 'पॅनल गेलं' म्हणून सांगणाऱ्याने टॉर्च तरी मारायला सांगायला हवा होता.

पॅनल गेल्याची लक्षणं निराळी. उभ्या रेघा येतात, अर्धा पडदा पांढरा होतो, किंवा आत कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा दिसतो. तसं असेल तर मी स्वतः सांगेन, खर्च करू नका. टीव्हीच्या किमतीतला मोठा हिस्सा पॅनलचाच असतो आणि ते येतं बाहेरून. रेघांमध्येसुद्धा एक मेख आहे. कडेला हलका दाब दिल्यावर रेघ जात-येत असेल तर काचेला चिकटवलेली पट्टी सुटलीय. ते बाँडिंग करून देणारी यंत्रं शहरात आहेत. टिकेलच याची हमी मी देणार नाही.

आणि हो, मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो.

अर्धा_कप_चहा | २४ सप्टेंबर, रात्री ८:५६

मामा!! दिसतंय!!

सगळे दिवे घालवून पोरांना शांत बसवलं, टॉर्च धरला आणि कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह दिसलं. मग एक माणूस चालताना दिसला, पाण्याखालून बघावा तसा. बाबा खुर्चीतून उठून बघून गेले आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं." (काहीही म्हटलं नव्हतं.)

आता पुढे काय? हडपसरला राहतो.

सोल्डर_मामा | २४ सप्टेंबर, ९:३०

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, पट्ट्या तिथेच मिळतात. पण सुट्टी पट्टी घेऊन तुम्ही करणार काय? जवळचा एखादा जुना दुरुस्तीवाला गाठा आणि तीन गोष्टी आधीच बोलून घ्या.

एक, सगळा संच बदलायचा. 'एकच एलईडी बदलून देतो, तीनशे रुपये' म्हणणाऱ्याला नमस्कार करा, बाकीचे त्याच वयाचे आहेत, दोन महिन्यांत परत याल. दोन, पट्ट्या बदलायला पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं. ४३ इंचांची ती काच पापडासारखी असते, दोघं लागतात. उचलताना तडकलं तर कुणाचं नुकसान, हे आधी विचारा. चांगला कारागीर चिडणार नाही, सांगेल. तीन, संच आणि मजुरी मिळून माझ्याकडे या मापाला दोन ते अडीच हजार होतात. पुण्यात थोडं इकडेतिकडे.

घरी आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट ५०-६०वर आणून ठेवा. कंपनीकडून तो पूर्ण भडक सोडलेला असतो, दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून. घरी रात्री एवढा उजेड कुणाला लागतो? पट्ट्या त्यानेच जळतात.

ईस्टकोस्टकर | २५ सप्टेंबर, सकाळी ६:१०

इथे न्यू जर्सीत मामांसारखा माणूस शोधून सापडत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा ५५ इंची असाच अंधारला. तपासायला येण्याचेच शंभरावर डॉलर सांगितले. शेवटी उचलून टाउनशिपच्या ई-कचरा केंद्रावर ठेवून आलो. तिथे टीव्हींची रांग होती, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या ठेवतात तशी. आज टॉर्चचं वाचलं आणि पोटात कालवलं.

पैठणी_आणि_प्रोसेसर | २५ सप्टेंबर, १०:२२

मामांच्या प्रतिसादाची वाखू (वाचनखूण) साठवली. मामा, तुमचं दुकान कुठे?

सोल्डर_मामा | २५ सप्टेंबर, दुपारी १:५०

कराडजवळ. १९८४ला सुरू केलं, तेव्हा कृष्णधवल टीव्ही आणि शटरची लाकडी पेटी. एशियाडनंतर रंगीत येऊ लागले होते, पण गावात एक-दोनच. दुपारभर छपरावर अँटेना फिरवायचा, खाली पोरगा उभा : "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "गेलं!" ईएचटी (पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जाणं, पिक्चर ट्यूब उतरणं, हेच तेव्हाचे रोग. पोरं स्पीकरचा लोहचुंबक पडद्याला लावायची आणि रंगीत डाग पडला की बाप मला शिव्या घालत यायचा.

तेव्हाच्या टीव्हीबरोबर सर्किटचा नकाशा मिळायचा. घडी घातलेला कागद, झाकणाच्या आत चिकटवलेला. त्या कागदावर माझी पहिली दहा वर्षं निघाली. आता बोर्डवरच्या आयसीचा नंबरसुद्धा कधीकधी खरवडलेला असतो. अवांतर झालं, असो.

दुकानदार_नाशिक | २५ सप्टेंबर, ४:४०

बराच वेळ वाचतोय, आता बोलतो. माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे आणि वर सगळे आम्हालाच चोर ठरवून मोकळे झालेत.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून कर कमी होणार म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून २१ सप्टेंबरपर्यंत मोठा टीव्ही आणि एसी घ्यायला माणूस फिरकला नाही. गणपतीचा हंगाम गेला. लोक यायचे, बघायचे, फोटो काढायचे आणि म्हणायचे, "२२ नंतर येतो." बरोबरच आहे त्यांचं, मीही तेच केलं असतं. पण गोदामातला माल २८ टक्के भरून घेतलेला. तो कर आम्हाला जमा म्हणून मिळतो, बुडत नाही, हे खरं. पण आता विक्रीवर १८च वसूल होतो, म्हणजे ती जमा हळूहळू वळती होणार. तोवर पैसे अडकले. बँकेचं व्याज थांबत नाही.

हिशेबी साहेबांचं बरोबर आहे, पावणेआठच टक्के. गिऱ्हाईक दहा मागतं आणि भांडतं. मी आता काउंटरवर कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवलाय, त्यांनाच गुणाकार करायला सांगतो.

हिशेबी_कोल्हापूरकर | २५ सप्टेंबर, ५:१५

दुकानदार साहेब, तुमच्यासारखे असतील तर प्रश्नच नाही. पण हे बघा. माझ्या शेजाऱ्याने गणपतीत, २६ ऑगस्टला एक टीव्ही ३८,४००ला घेतला. बिल माझ्याकडे आहे : मूळ ३०,०००, कर ८,४००. काल तोच मॉडेल क्रमांक, तेच दुकान, भाव सांगितला ३७,५००. वर 'जीएसटी बचत उत्सव' लिहिलेलं. मागे भागाकार करा : मूळ ३१,७८०, कर ५,७२०. म्हणजे कर २,६८०ने उतरला आणि मूळ किंमत १,७८०ने चढली. गिऱ्हाइकाच्या हातात ९०० रुपये.

छापील किमतीकडे बघून उपयोग नाही. टीव्ही छापील किमतीला विकला जातो कुठे? ६५ हजार छापून ४० हजारांना देतात. जुनं बिल मिळालं तर तेवढ्यानेच कळतं. ज्यांना वाटतं की आपल्याला फसवलंय त्यांनी १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. बिल हातात ठेवून करावा.

दुकानदार_नाशिक | २५ सप्टेंबर, ५:५०

हे करणारे आहेत, नाकारत नाही. पण दर वेळी दुकानदारच असतो असं नाही. गणपतीत कंपनीची सूट चालू असते, ती संपली की आम्हालाच माल चढ्या भावाने येतो. माझ्याकडे त्याच महिन्यात तीन भाव आलेत. बिलात ते दिसत नाही.

हिशेबी_कोल्हापूरकर | २५ सप्टेंबर, ६:०२

हे मान्य. मुद्दा पटला.

एसीची_हवा | २६ सप्टेंबर, ११:३०

टीव्हीवाल्यांनी आमचा एसी हायजॅक केला 😛 ज्यांना एसी घ्यायचाय त्यांच्यासाठी एक : जानेवारीपासून स्टारचे निकष कडक होतायत. आजचा पाच स्टार तेव्हा चार स्टारमध्ये जाऊ शकतो. म्हणून 'पाच स्टार' एवढंच न बघता लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचा. तो आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. नागपूरकरांनी आपापला गुणाकार करावा.

अर्धा_कप_चहा | रविवार, २८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

काम झालं. हडपसर गावठाणात एक काका सापडले, दुकानाला पाटीसुद्धा नाही. मामांनी सांगितलेली तिन्ही वाक्यं घोकून गेलो होतो. तिसरं बोलायच्या आत ते हसले : "कुणीतरी जाणत्याने पाठवलेलं दिसतंय." समोर बसून बघितलं. पॅनल उचलताना त्यांच्या सुनेने दुसरी बाजू धरली, दोघांनी श्वास रोखलेला. आतल्या पट्टीवर एक एलईडी जळून काळा पडलेला, तांदळाएवढा. बाकी सगळं ठणठणीत. २,२०० रुपये, सहा महिन्यांची तोंडी हमी.

बायकोचं ५५ इंची हुकलं म्हणून घरात सध्या तापमान किंचित जास्त आहे. बाकी आनंद.

खिडकीतली_सीट | २८ सप्टेंबर, १२:४०

अभिनंदन. वहिनींना सांगा, अ‍ॅपं चालायची बंद झाली की मी आहेच.

सीनाकाठची | बुधवार, १ ऑक्टोबर, रात्री १०:४८

धागा टीव्हीचा आहे, माझा प्रश्न निराळा आहे, संपादकांना वाटलं तर हलवा. मामा इथे आहेत म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर माढा तालुक्यात, सीनेच्या काठी. गेल्या आठवड्यात रात्री पाणी घरात शिरलं. आई आणि भाऊ म्हशी सोडून, कागदांची पिशवी घेऊन शाळेत गेले. पाणी छातीएवढं चढलं होतं, भिंतीवर रेघ आहे. उतरल्यावर आत गेलो तर फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत ओसरीत येऊन आडवा पडलेला. मिक्सर, कूलर, वॉशिंग मशीन, घरघंटी, सगळ्यात बोटभर गाळ. टीव्ही भिंतीवर होता, पाणी त्याच्याखाली हातभर राहिलं.

ऊस गेला, त्याचं काय बोलायचं. पण आई घरघंटीसाठी रडली. चार घरची दळणं करून तिने तिचे हप्ते फेडले होते. भाऊ म्हणतो, चार दिवस ऊन दिलंय, आता लावून बघतो. लावू द्यावं का? पंचनामा अजून व्हायचाय.

सोल्डर_मामा | १ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, भावाला आत्ता फोन करा. उठवा त्याला. काहीही लावायचं नाही. वस्तू राहू दे, आधी घराचा मेन स्विच बंद करायला सांगा. पाण्याखाली गेलेले बोर्ड, भिंतीतली ओली वायर, हे माणूस मारतं. वायरमन बघून जाईपर्यंत दिवासुद्धा लावायचा नाही. बाकी उद्या सकाळी लिहितो.

सीनाकाठची | १ ऑक्टोबर, ११:२१

केला फोन. मेन बंद केला. तो म्हणाला, घरघंटीची पिन हातात घेतली होती.

सोल्डर_मामा | गुरुवार, २ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

दसऱ्याच्या शुभेच्छा म्हणवत नाहीत, पण देतो.

पहिलं काम फोटो. धुण्याआधी. गाळासकट, भिंतीवरच्या रेघेसकट, आणि प्रत्येक वस्तूच्या मागचा क्रमांकाचा कागद दिसेल असा एक. पंचनाम्याला लागेल.

मग धुवायचं. लोक हसतात, पण भिजलेल्या यंत्राला परत पाणीच लागतं. नदीचा गाळ आत वाळला की सिमेंट होतं आणि त्यातला ओलावा तांबं खातो. झाकणं काढून स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको.

घरघंटीचं सांगतो, आईंना सांगा अजून गेलेली नाही. जातं आणि मोटर वेगळी करा. मोटर धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, मग लाकडी खोक्यात जुना १०० वॉटचा बल्ब लावून रात्रभर त्या उबेत. आम्ही पुरात भिजलेल्या मोटरी अशाच वाळवतो. त्यानंतर मेगर (विजेची गळती मोजायचं यंत्र) लावून बघायचं, गळती नसेल तरच वीज. कपॅसिटर आणि स्विच नवा टाका, पाचशेच्या आत काम.

फ्रिजमधला कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, त्यात पाणी सहसा जात नाही. पण तो आडवा पडलाय, आतलं तेल नळीत गेलं असणार. आधी एक अख्खा दिवस उभा ठेवायचा. रिले बदलायचा. मागे इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर तो मात्र गेला समजा. वॉशिंग मशीनचंही तेच, बटणांचं असेल तर आशा, बोर्डाचं असेल तर कठीण. कूलरचा पंप फेकून द्या. टीव्हीला पाणी लागलं नाही, पण आठवडाभर दमट हवेत होता. घर वाळल्यावर लावा.

हिशेबी_कोल्हापूरकर | २ ऑक्टोबर, ९:१०

ताई, घराचा विमा काढलेला होता का? २०२१पासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागते. त्यात पूर धरलेला आहे, आणि घराच्या विम्याच्या २० टक्के, दहा लाखांपर्यंत, आतल्या वस्तूंना वेगळं न मागता संरक्षण असतं. घरावर कर्ज असेल तर बँकेने काढून ठेवलेला असू शकतो, कागद बघा. वस्तूंची वाढीव हमी असेल तर तिचा उपयोग होणार नाही, त्यात पाणी बहुधा वगळलेलं असतं. पुराच्या अनुभवातून आम्ही इथे हे सगळं पाठ केलंय.

सीनाकाठची | २ ऑक्टोबर, ९:५५

विमा नाही. दगडी घर आहे, आजोबांनी बांधलेलं.

सोल्डर_मामा | २ ऑक्टोबर, १०:२०

ताई, रविवारी मी येतो. माझा पुतण्या आणि दुकानातला पोरगा बरोबर असतील. मेगर, ब्लोअर, खोकी आणतो. गावात आणखी कुणाचं काय भिजलंय ते देवळापाशी आणून ठेवायला सांगा, नावाच्या चिठ्ठ्या लावून. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दुकानदार_नाशिक | २ ऑक्टोबर, १०:४४

मामा, मिक्सर-पंख्यांचे कपॅसिटर, रिले, स्विच, काय लागतील त्यांची यादी पाठवा. माझ्याकडे पडून आहेत. आजच्या ट्रॅव्हल्सने टाकतो.

सडेतोड_सदा | २ ऑक्टोबर, ११:००

मामा, गाडी आहे माझ्याकडे. पंढरपुरातून मी येईन. राजकारण बोलणार नाही, शब्द देतो.

खिडकीतली_सीट | २ ऑक्टोबर, ११:०४

हा शब्द लिहून ठेवलाय 🙂 माझ्याकडून डिझेल.

सोल्डर_मामा | मंगळवार, ७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, कंबर धरलीय.

देवळापुढे १९ मिक्सर, ६ घरघंट्या, ११ टेबलफॅन, ४ वॉशिंग मशीन, ५ फ्रिज, एक हार्मोनियम. हार्मोनियम माझ्या हातातलं काम नाही, सदाभाऊ घेऊन गेले पंढरपूरला. मिक्सर १२ चालू झाले. घरघंट्या ६ पैकी ४. त्यात आईंची आहे. जात्याचे दगड परत टाचून घ्यायला सांगितलेत. फॅन बहुतेक सगळे. बोर्डवाली वॉशिंग मशीन तिन्ही गेली, एक जुनं बटणांचं मशीन पहिल्या झटक्यात फिरलं आणि म्हातारीने टाळ्या वाजवल्या.

एका घरात पोराने आम्ही यायच्या आदल्या दिवशी टीव्ही लावून बघितला होता. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला, २८ टक्के भरून. धूर निघाला आणि संपलं. त्याला काय बोलायचं.

आज सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज सांगितलंय, बातम्यांत बघितलं. घरघंटी त्यात कुठल्या रकान्यात बसते ते कुणाला कळलं तर इथे लिहा, गावातून फोन येतायत.

सडेतोड_सदा | ७ ऑक्टोबर, ९:४०

शब्द दिलाय म्हणून गप्प आहे. पेटीचे सूर लागताहेत, तीन पट्ट्या फुगल्यात.

सीनाकाठची | रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मामा, काल घरघंटी लावली. पहिलं दळण शेजारच्या काकूंची ज्वारी. शासनाच्या धान्यातली होती, त्यांची स्वतःची कणगीत कुजली. आईने दळणाचे पैसे घेतले नाहीत.

फ्रिजही लागला. थंड होतोय, पण आतला वास जात नाही. बेकिंग सोडा झाला, लिंबू झालं, कॉफीची पूड झाली. सध्या त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवतोय. आणि आई दार उघडायच्या आधी दर वेळी पदर नाकाला लावते.

सोल्डर_मामा | १२ ऑक्टोबर, ८:३०

दाराचं रबर काढा ताई. खोबणीत गाळ असेल. रबर गरम पाण्यात टाकून धुवा, सुकवून परत बसवा. त्यातूनच येतोय वास.